निवृत्त सैनिकाचा चंदीगडमधला आधार

चंदीगडच्या पूर्वेला, पंचकुल्याला लागून चंडीमंदिरची लष्करी छावणी आहे. लष्कराच्या वेस्टर्न कमांडचे मुख्यालय १९८५ मध्ये सिमल्याहून येथे आले. निवृत्त सैनिकाला आणि त्याच्या कुटुंबाला आयुष्यभर ज्या दारांशी जावे लागते, त्यांपैकी बहुतेक आज या छावणीत किंवा तिच्या आसपास आहेत. कमांड हॉस्पिटल, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे प्रादेशिक केंद्र, पुनर्वसन महासंचालनालयाचे पश्चिम विभागाचे कार्यालय आणि सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ चंडीमंदिरलाच आहे. पंजाबचे सैनिक भवन चंदीगडच्या सेक्टर २१ मध्ये, हरियाणाचे पंचकुल्याच्या सेक्टर १२ मध्ये आणि पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र मोहालीत. पंजाब, हरियाणा आणि हिमाचल प्रदेश या तीन राज्यांतून फौजेत पिढ्यान्‌पिढ्या भरती होत आली आहे. चंदीगडच्या सेक्टर ३ मधील युद्धस्मारकावर या भागातील ८,४५९ हुतात्म्यांची नावे कोरलेली आहेत. राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी ऑगस्ट २००६ मध्ये त्याचे उद्घाटन केले.

माजी सैनिक म्हटले की डोळ्यांसमोर पिकल्या मिशांचे म्हातारे सुभेदारसाहेब येतात. प्रत्यक्षात बहुतेक जवान पस्तिशी ते पंचेचाळिशीच्या दरम्यान घरी परततात. दरवर्षी सुमारे ६० हजार जण तिन्ही दलांतून निवृत्त होतात. मुले शाळेत, आई-वडील थकलेले, घराचे कर्ज चालू, अशा वयात हातातली नोकरी संपते. निवृत्तीनंतरची मदतव्यवस्था म्हणूनच पुढची तीस-चाळीस वर्षे आणि जवानाच्या माघारी त्याच्या पत्नीची वर्षे धरून चालावी लागते.

तिचा पाया म्हणजे पेन्शन. जवानाला १५ वर्षांच्या आणि अधिकाऱ्याला २० वर्षांच्या सेवेनंतर ती लागू होते. 'वन रँक, वन पेन्शन'चा, म्हणजे समान हुद्दा आणि समान सेवा असलेल्यांना निवृत्तीचे वर्ष कोणतेही असले तरी समान पेन्शन देण्याचा आदेश ७ नोव्हेंबर २०१५ रोजी निघाला आणि १ जुलै २०१४ पासून लागू झाला. दर पाच वर्षांनी तिची फेरआखणी व्हायची असते. २०१९ आणि २०२४ च्या जुलैपासूनच्या दोन फेरआखण्या झाल्या आहेत. पूर्वी बँका ही पेन्शन देत. आता ती प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयामार्फत 'स्पर्श' या संगणकीय प्रणालीतून थेट खात्यात येते. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो मोबाइलवरून किंवा जवळच्या नागरी सेवा केंद्रातूनही देता येतो. दाखला राहिला की पेन्शन थांबते, आणि खेड्यातल्या एकट्या म्हातारीच्या बाबतीत ती का थांबली हे कळायलाच दोन-तीन महिने जातात.

कुटुंबांची सर्वाधिक अडचण होते ती कागदांपाशी. जवानाचे लग्न झाले, मूल झाले, की त्याची नोंद युनिटच्या 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये निघते आणि तेथून रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात जाते. ही नोंद निघाली नसेल, तर फौजेच्या दृष्टीने ती पत्नी आणि ते मूल अस्तित्वातच नसतात. नोंद असली तरी नाव जुळले पाहिजे. पंजाबात एका कागदावर नुसते नाव असते आणि दुसऱ्यावर 'कौर' जोडलेले असते. महाराष्ट्रात अडचण याहून मोठी, कारण लग्नात मुलीचे नावच बदलण्याची रीत होती. रेकॉर्ड ऑफिसात माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे, बँकेत तिसरेच काही, अशी अवस्था साताऱ्या-कोल्हापुराकडच्या कितीतरी घरांत आहे. नवरा हयात असताना ही दुरुस्ती काही कागदांनिशी होऊन जाते. तो गेल्यावर त्याच दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्रे, राजपत्रातील प्रसिद्धी आणि अनेक खेपा कराव्या लागतात.

जन्मतारखेचेही तसेच. पेन्शनधारकाला किंवा कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या पत्नीला ८० वर्षे पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. जुन्या पेन्शन आदेशांत पत्नीची जन्मतारीख पुष्कळदा लिहिलेलीच नाही. तारीख नाही म्हणून वय नाही आणि वय नाही म्हणून वाढ नाही. आजीने मागितले नाही, तर ही रक्कम तिच्या हयातीत तिच्यापर्यंत पोहोचतही नाही. कागदांच्या या कामात जिल्हा सैनिक बोर्डाचे कर्मचारी अर्ज भरून देतात, रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करतात. चंदीगड, मोहाली आणि पंचकुला या तिन्ही ठिकाणी अशी कार्यालये आहेत. महाराष्ट्रात हेच काम पुण्यातील सैनिक कल्याण विभागाच्या हाताखालची जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये करतात.

पेन्शननंतर गरज लागते ती औषधपाण्याची. १ एप्रिल २००३ रोजी सुरू झालेली ईसीएचएस ही माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना आज देशभर चारशेहून अधिक पॉलिक्लिनिकांतून चालते. निवृत्त होताना एकदाच वर्गणी भरायची असते. हवालदारापर्यंतच्या हुद्द्यांसाठी ती ३० हजार रुपये, सुभेदार आणि त्याच्या जोडीच्या हुद्द्यांसाठी ६७ हजार आणि अधिकाऱ्यांसाठी १ लाख २० हजार रुपये आहे. युद्धविधवांना ती माफ आहे, तसेच १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांनाही. पत्नी, अवलंबून असलेले आई-वडील, पंचवीस वर्षांपर्यंतचा न कमावणारा अविवाहित मुलगा आणि अविवाहित, न कमावणारी मुलगी यांना तिचा लाभ मिळतो.

पॉलिक्लिनिकात सकाळी कार्ड दाखवून नंबर लावायचा, डॉक्टरांनी तपासायचे, औषधे खिडकीवर घ्यायची आणि पुढचे उपचार लागणार असतील तर पॅनेलवरच्या खासगी रुग्णालयासाठी रेफरल घ्यायचे. औषध शिल्लक नसेल तर चिठ्ठीवर तसा शिक्का मारून घेऊन ते बाहेरून विकत घेता येते आणि पैशांची मागणी करता येते. हा शिक्का घ्यायला विसरलेल्याचे बिल परत येते. तातडीच्या प्रसंगी रेफरलची वाट पाहायची नसते. पॅनेलवरच्या रुग्णालयात थेट दाखल व्हायचे आणि रुग्णालयाने ठरलेल्या मुदतीत पॉलिक्लिनिकला कळवायचे, असा नियम आहे. मोहाली आणि पंचकुल्यात मोठी खासगी रुग्णालये असल्याने येथील माजी सैनिकांना हृदयशस्त्रक्रिया किंवा सांधे बदलण्यासाठी दूर जावे लागत नाही. योजनेचा दुबळा दुवा बिलांचा आहे. सरकारकडून रुग्णालयांची देणी थकली की कॅशलेस सेवा आखडते आणि त्याची झळ अखेर रुग्णालाच लागते. हिमाचलच्या डोंगरातून उतरून आलेल्या वृद्ध नायकाला पैसे आधी भरा, असे सांगितले जाऊ नये, एवढी अपेक्षा करण्यात काही जादा नाही.

चंडीमंदिरमधील सगळ्यांत गजबजलेला आणि सगळ्यांत दुखरा विषय अपंगत्वाच्या पेन्शनचा आहे. सैनिक सेवेतून बाहेर पडताना वैद्यकीय मंडळ त्याला तपासते आणि दोन गोष्टी ठरवते: अपंगत्व किती टक्के, आणि ते लष्करी सेवेमुळे झाले किंवा वाढले का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आले की अपंगत्वाची पेन्शन नाकारली जाते. गोळीने पाय गेला तर वाद नसतो. वाद असतो रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह, अपस्मार, मानसिक आजार यांचा. सियाचिनच्या उंचीवर किंवा दहशतवादी भागात वर्षानुवर्षे काढलेल्या माणसाचा रक्तदाब त्याच्या घराण्यातून आला की नोकरीतून, हे मंडळाच्या एका ओळीवर ठरते.

त्या ओळीवरून किती रकमेचा प्रश्न असतो, हे एका उदाहरणाने पाहता येईल. एखाद्या हवालदाराचे शेवटचे वेतन ४० हजार रुपये धरले, तर त्याची सेवेची पेन्शन २० हजार होते. शंभर टक्के अपंगत्वासाठी वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे १२ हजार जादा मिळतात. त्याचे अपंगत्व ३० टक्के ठरले असेल, तर त्याच्या वाट्याला ३,६०० रुपये येतात. मात्र पन्नास टक्क्यांखालचे अपंगत्व पन्नास धरायचे, पन्नास ते पंचाहत्तरचे पंचाहत्तर आणि त्यावरचे शंभर, असा 'ब्रॉड बँडिंग'चा नियम आहे. तो लावला की हीच रक्कम ६ हजार होते, आणि त्यावर महागाई भत्ता वेगळा. २१ सप्टेंबर २०२३ पासून अपंगत्वाच्या पात्रतेचे नवे नियम लागू झाले आहेत. त्यामुळे आपली निवृत्ती त्या तारखेच्या आधीची की नंतरची, हे अर्ज करण्यापूर्वी पाहावे लागते.

मंडळाचा निर्णय पटला नाही तर आधी विभागाकडे अपील आणि मग सशस्त्र दल न्यायाधिकरण, असा मार्ग आहे. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले हे न्यायाधिकरण २००९ मध्ये सुरू झाले. त्याच्या खंडपीठात एक निवृत्त न्यायाधीश आणि एक निवृत्त वरिष्ठ सेनाधिकारी बसतो. चंडीमंदिरच्या खंडपीठापुढे सुरुवातीपासूनच खटल्यांची रीघ लागली, कारण माजी सैनिकांची एवढी दाट वस्ती फारच थोड्या प्रदेशांत आहे. दोन निकालांनी येथील अर्जदारांना मोठे बळ दिले. धर्मवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये सांगितले की भरतीच्या वेळी ज्याच्या कागदांवर कोणताही आजार नोंदलेला नाही, तो निरोगी होता असे धरले पाहिजे. पुढे आजार झाला तर तो सेवेमुळे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आणि शंकेचा फायदा सैनिकाचा. राम अवतार खटल्यात डिसेंबर २०१४ मध्ये ब्रॉड बँडिंगचा लाभ नेहमीप्रमाणे निवृत्त झालेल्या अपंग सैनिकांनाही द्यावा, असे ठरले.

एवढे होऊनही एकेका जवानाला तेच भांडण पुन्हा नव्याने लढावे लागते आणि जिंकल्यावरही अनेकदा सरकार वरच्या न्यायालयात जाते. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी २०१५ मध्ये हे खटले कमी कसे करावेत हे सुचवण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. तिच्यात चंदीगडचे वकील मेजर नवदीप सिंग आणि कारगिलमध्ये पाय गमावलेले मेजर डी. पी. सिंग होते. अपंग सैनिकांच्या पेन्शनविरुद्धची अपिले सरकारने मागे घ्यावीत, असे समितीने स्पष्ट सुचवले. काही शिफारशी अमलात आल्या, पण अपिलांची सवय सुटलेली नाही. ज्या माणसाने सीमेवर देशाच्या वतीने उभे राहायचे, त्यालाच म्हातारपणी देशाच्या विरुद्ध वादी म्हणून उभे करणे ही या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव आहे. न्यायाधिकरणाचा आदेश हाती आल्यावरही त्याच्या अंमलबजावणीसाठी पुष्कळदा वेगळा अर्ज करावा लागतो, हे अर्जदाराने आधीच धरून चालावे. न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. त्यामुळे गरीब कुटुंबाला दिल्लीला खेपा घालण्याऐवजी चंदीगडमध्येच पुढचा दरवाजा खुला झाला. महाराष्ट्रातील माजी सैनिकांसाठी असे खंडपीठ मुंबईत आहे.

मोहालीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७८ मध्ये सुरू झाले. मणक्याला इजा होऊन कमरेखालचे किंवा मानेखालचे शरीर निकामी झालेले जवान येथे राहतात. काही गोळी लागून जायबंदी झालेले, काही दरीत कोसळलेल्या ट्रकमधून वाचलेले, काही कवायतीत किंवा पोहताना पडलेले. अशा माणसाला कमरेखाली वेदना कळत नाही. तो एकाच कुशीवर पडून राहिला तर काही तासांत त्वचा मरू लागते आणि हाडापर्यंत जखम जाते. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. लघवीची नळी स्वच्छ ठेवावी लागते, नाही तर जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. घरी एकटी पत्नी किंवा म्हातारी आई हे वर्षानुवर्षे करू शकत नाही. म्हणूनच अशी केंद्रे लागतात. उतरण असलेले रस्ते, चाकाची खुर्ची आत जाईल एवढी रुंद दारे, खांद्यांची ताकद वाढवणारा व्यायाम आणि हाताला काहीतरी काम, या साध्या गोष्टींवर येथील आयुष्य उभे राहते. केंद्रीय सैनिक बोर्ड मोहालीच्या आणि पुण्याजवळच्या खडकीच्या केंद्राला अनुदान देते.

खडकीचे केंद्र मोहालीच्या आधीचे, १९७४ चे. चंदीगड आणि पुणे यांचे नाते येथे जुळते. हात किंवा पाय गमावलेला पंजाबी जवान कृत्रिम अवयवासाठी १९४४ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये येतो. खेळाने अपंग सैनिकाचे आयुष्य कसे पुन्हा उभे राहते, हे सांगली जिल्ह्यातल्या पेठच्या मुरलीकांत पेटकरांनी दाखवले. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेलून अपंग झालेल्या या जवानाने १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

वीरनारी, म्हणजे कर्तव्यावर जीव गमावलेल्या सैनिकाची पत्नी, हिच्या हक्कांत पेन्शनचा प्रकार महत्त्वाचा. साधे कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असते. मृत्यू सेवेमुळे झाला असेल तर विशेष निवृत्तिवेतन ६० टक्के, आणि शत्रूशी किंवा दहशतवाद्यांशी लढताना झाला असेल तर उदार निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाएवढे. मृत्यू कोणत्या वर्गात नोंदवला गेला, यावर घराची पुढची तीस वर्षे ठरतात. अपघाताची चौकशी होते तेव्हा तिचा अहवाल काय निघाला, हे कुटुंबाने विचारले पाहिजे. तो विचारण्याचा त्यांना हक्क आहे.

पंजाब-हरियाणात दीर मोठ्या भावाच्या विधवेवर चादर घालून तिच्याशी लग्न करतो, अशी जुनी रीत आहे. सरकारी नियमानेही तिला अनेक वर्षे पाठबळ दिले: शौर्यपदकाबरोबर येणारा भत्ता विधवेने पुनर्विवाह केल्यावर बंद होई, फक्त तिने दिराशी लग्न केले तर चालू राही. बाईने कोणाशी लग्न करावे हे भत्त्याच्या अटीत अडकवणारा हा नियम नोव्हेंबर २०१७ मध्ये रद्द झाला. तो इतका काळ टिकला हीच खेदाची गोष्ट. २०१७ मध्येच हुतात्म्यांच्या मुलांच्या शिक्षणखर्चावर महिना १० हजार रुपयांची मर्यादा घातली गेली होती. देशभरातून विरोध झाल्यावर मार्च २०१८ मध्ये ती उठली.

स्वतः गणवेश चढवण्याचा मार्गही वीरपत्नींना खुला आहे. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात हुतात्मा झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी परीक्षा दिली, चेन्नईच्या अकादमीत प्रशिक्षण पूर्ण केले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. सगळ्यांनाच हे शक्य नसते. बहुतेकींना हवी असते ती मुलांची फी, राहायला जागा आणि बँकेत सोबत येणारे कोणीतरी. आर्मी वाइव्हज वेल्फेअर असोसिएशन आणि युनिटमधली जुनी माणसे या बाबतीत पुष्कळदा कार्यालयांच्या आधी पोहोचतात.

नोकरीचे मार्ग ठरलेले आहेत. केंद्र सरकारच्या 'क' गटात १० टक्के आणि 'ड' गटात २० टक्के जागा माजी सैनिकांसाठी राखीव असतात. पंजाबात हे प्रमाण १३ टक्के, महाराष्ट्रात १५ टक्के आहे. पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीआधी प्रशिक्षण देते. पंजाबचे 'पेस्को' आणि महाराष्ट्राचे 'मेस्को' ही माजी सैनिकांची महामंडळे सुरक्षारक्षकांची कामे मिळवून देतात. मात्र लष्कराच्या सिग्नल्स किंवा ईएमई या तांत्रिक शाखांत वीस वर्षे गुंतागुंतीची यंत्रे सांभाळलेल्या माणसाला बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे करणे, यात त्याचे कौशल्य वाया जाते. त्याच्या कामाला नागरी प्रमाणपत्र मिळाले, तर ही अडचण बरीच हलकी होईल.

पेन्शनच नसलेले माजी सैनिक हा सर्वांत दुर्लक्षित गट. पूर्वी पाच-दहा वर्षांत बाहेर पडलेले जवान आणि त्यांच्या विधवा यांना केंद्रीय सैनिक बोर्ड ध्वजदिन निधीतून मदत करते. ७ डिसेंबरला शाळांत आणि कार्यालयांत जो छोटा ध्वज देऊन निधी गोळा होतो, तोच हा निधी. ६५ वर्षांवरील अशा गरजूंना मिळणारे अनुदान महिना ४ हजारांवरून ८ हजार रुपये झाले आहे. मुलांच्या शिक्षणासाठी प्रत्येकी महिना २ हजार आणि मुलीच्या लग्नासाठी १ लाख रुपये मिळतात. हे वाढीव दर १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना लागू आहेत. याशिवाय माजी सैनिकांच्या मुलांना व्यावसायिक शिक्षणासाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, मुलींना महिना ३ हजार आणि मुलांना अडीच हजार. पेन्शन नसलेल्यांत आता चार वर्षांसाठी भरती झालेल्या अग्निवीरांचीही भर पडेल. त्यांची पहिली तुकडी २०२६ च्या अखेरीस ही चार वर्षे पूर्ण करते. त्यांतील एक चतुर्थांशापर्यंत फौजेत राहतील. बाकीचे सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी घेऊन घरी येतील, पण त्यांना पेन्शन नसेल आणि ईसीएचएसचे कार्डही नसेल. या तरुणांचे प्रश्न घेऊन सैनिक बोर्डांच्या दारात कोण उभे राहणार आणि बोर्डांनी त्यांना काय द्यायचे, हे आताच ठरायला हवे.

कायद्याच्या मदतीसाठी २६ जुलै २०२५ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली. तिच्यानुसार सैनिक बोर्डांच्या कार्यालयांत विधी सहाय्य केंद्रे उघडायची आहेत आणि तेथे सैनिकांच्या कुटुंबांना वकिलाचा सल्ला मोफत मिळायचा आहे. जमिनीचा वाद, पेन्शनची अडचण किंवा वारसाचा दाखला यांपैकी कशासाठीही तेथे जाता येते.

घरात किंवा शेजारी कोणी निवृत्त जवान असेल, तर त्यांचे डिस्चार्ज बुक आणि पेन्शन आदेश एकदा उघडून पाहावा. पत्नीचे नाव आधार कार्डाशी अक्षरन्‌अक्षर जुळते का, तिची जन्मतारीख लिहिलेली आहे का आणि मुलांच्या नोंदी आहेत का, एवढे तपासावे. काही कमी असेल तर जवान हयात असतानाच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज द्यावा.